पूर्वजांच्या तोंडी आपले शब्द

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



हीरक महोत्सवात भूतकाळाविषयी बोलावे हे ओघानेच आले. शाळेच्या साठ वर्षांविषयी माझ्याहून अधिक अधिकाराने बोलणारी मंडळी या व्यासपीठावर बसली आहेत. म्हणून मी जरा दूरच्या भूतकाळाकडे वळणार आहे, आणि तोही इतिहासग्रंथांतला नसून कादंबऱ्यांतला.

हैदराबादेत वाढणाऱ्या मराठी मुलाला मराठ्यांचा इतिहास भेटतो कुठे? खिडकीतून त्याला गोवळकोंडा दिसतो, रायगड दिसत नाही. पाठ्यपुस्तकात शिवाजी महाराज येतात आणि चार परिच्छेदांत निघून जातात. उरते आपल्या वाचनालयातले कपाट. त्यात 'स्वामी' असते, 'श्रीमान योगी' असते, 'छावा' आणि 'पानिपत' असते. पुठ्ठे निघालेली, पुन्हा बांधलेली, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा असलेली ही पुस्तके मुलाला इतिहासही देतात आणि घरात ऐकू न येणारी भारदस्त मराठीही देतात. त्या पुस्तकांतील माणसे कोणत्या भाषेत बोलतात आणि कोणत्या मनाने विचार करतात, हा प्रश्न पुण्या-मुंबईकडे साहित्यचर्चेचा असेल. आपल्याकडे तो पालकांचा आहे.

आधी किरकोळ गोष्टी संपवून टाकू. सतराव्या शतकातला मावळा 'एका मिनिटात आलो' म्हणाला, तर ते चूकच. त्याच्याजवळ घटका होती, म्हणजे आपली चोवीस मिनिटे. पळे होती, प्रहर होता, नाही तर 'दिवस कासराभर वर आला' असे सांगण्याची सोय होती. पेशव्यांच्या पत्रावर 'दिनांक' आला की जाणकार हसतात, कारण हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीतून विसाव्या शतकात रूढ झाला. 'हुतात्मा'ही तिथलाच. कुणी शिवकाळातल्या ताटात बटाटा वाढतो, कुणी सरदारांना चहा पाजतो. उद्गारचिन्हांचे तर विचारूच नका. मोडीत लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांना विरामचिन्हे ठाऊक नव्हती, ती इंग्रजी अमदानीत आली; पण ऐतिहासिक कादंबरीत तलवारींपेक्षा उद्गारचिन्हेच जास्त उपसली जातात. अशा चुका काढण्यात वाचकाला एक बारीक आनंद असतो. तो मी कुणाचा हिरावून घेणार नाही, पण या चुकांनी फारसे बिघडत नाही. पुढच्या आवृत्तीत त्या दुरुस्त होतात.

शिवाय भाषा पूर्णपणे त्या काळची ठेवावी, असा आग्रह कुणी धरला तर तो निभणार नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजले होते. १६२८ सालच्या पत्रात त्यांना मराठी शब्द शेकडा चौदाच्या आसपास सापडले, १६७७ च्या पत्रात बासष्ट आणि १७२८ च्या पत्रात त्र्याण्णव. एकेका पत्रावरून काढलेले हे गणित फार ताणू नये, आणि दप्तरातली भाषा म्हणजे माजघरातली भाषा नव्हे हेही लक्षात ठेवावे. तरी शहाजीराजांच्या तरुणपणीचा दरबारी कागद जसाच्या तसा संवादात घातला, तर वाचक दुसऱ्या पानावर पुस्तक मिटील. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी, रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड', १८७१ साली आली. पेशवाई बुडून तेव्हा त्रेपन्न वर्षे झाली होती. ती डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसे गावोगाव जिवंत होती. तरीही शिवकाळासाठी गुंजीकरांना भाषा घडवावीच लागली. हरिभाऊ आपट्यांनी आपली घडवली, रणजित देसायांनी १९६२ च्या 'स्वामी'त आपली घडवली. ज्या दरबारी मराठीला आपण 'ऐतिहासिक भाषा' म्हणतो, वाक्यावाक्याला 'आम्ही' आणि 'आज्ञा', ती बरीचशी विसाव्या शतकाच्या रंगभूमीवर आणि छापखान्यांत वाढलेली आहे. नाटकातला रंगवलेला पडदा पाहून कुणी खरे झाड समजत नाही, तशी ती भाषा चालवून घ्यावी. माझी तिच्याविषयी तक्रार नाही.

तक्रार पुढे सुरू होते. शिवाजी महाराजांचे एक पत्र आहे, राज्याभिषेकाच्या सुमाराचे. चिपळूणजवळ हलवर्णला घोडदळाची छावणी पडली होती. पावसाळा तोंडावर आलेला, साठवलेला दाणागोटा बेताचा. त्या छावणीतल्या अंमलदारांना महाराज लिहितात ते साधारण असे: दाणा-वैरण आताच उधळलीत, तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही कुणब्याचे दाणे, भाकर, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला ओढून आणू लागाल. लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल परवडला. त्यापुढे जे येते ते कोणत्याही कादंबरीकाराला सुचणे कठीण. आगट्या पेटवता, चिलमी ओढता, रात्री दिवे जळते ठेवता. एखादा उंदीर पेटती वात तोंडात धरून पळाला, तर गवताची गंजी पेटेल, सगळी वैरण जाईल आणि मग गर्दन मारली तरी घोडी काही परत येणार नाहीत.

राज्याभिषेकाची तयारी चालली असताना एका राजाला पेटती वात घेऊन पळणारा उंदीर दिसतो आहे. हे पत्र घरातल्या कर्त्या माणसाने बजावावे तसे आहे. त्यात 'आम्हास वाटते की आमची प्रजा' असा सूर नाही. आमच्या कादंबऱ्यांतले महाराज मात्र असे क्वचितच बोलतात. ते बहुधा सभेत बोलतात, आणि सभाही आजची असते. याच पत्राचा प्रसंग आजच्या लेखकाच्या हाती पडला, तर त्यातून 'लोककल्याणकारी राज्य', 'शेतकऱ्यांचे हक्क', 'पर्यावरण' असे शब्द फुटू लागतात. लेखकाला वाटते, आपण महाराजांना मोठे करतो आहोत. प्रत्यक्षात ते लहान होतात. भाजीच्या देठाची आणि उंदराची काळजी करणारा राजा जगात विरळा असतो. हक्कांवर भाषण देणारा पुढारी आपण दर निवडणुकीत पाहतो.

शब्दांचीच आणखी एक तऱ्हा सांगतो, कारण तिचा आपल्या शहराशी खास संबंध आहे. काही शब्द तेच राहतात आणि त्यांच्या आतला माणूस बदलतो. आज लग्न धामधुमीत होते. जुन्या कागदांत मुलखात धामधूम झाली की लोक गाव सोडून पळत, कारण ती लढाईची धामधूम. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. त्या काळी फौजेची शिकस्त व्हायची, म्हणजे पराभव. राजीनामा आज नोकरी सोडताना देतात. पूर्वीच्या न्यायसभेत वादी-प्रतिवादी आपण निवाड्यास राजी आहोत असे लिहून देत, तो राजीनामा. 'राजकारण' हा शब्द समर्थांच्या काळात कर्तबगार माणसाचे भूषण होता. आज घरात कुणी 'राजकारण करू नकोस' म्हटले की शिवी लागते. कादंबरीकार हे शब्द नव्या अर्थाने वापरतो आणि ते अस्सल जुने असल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. 'मिनिट' पकडणारा वाचक इथे फसतो.

पण आपल्या शाळेतला मुलगा फसेलच असे नाही. उर्दू कानावर पडत वाढलेल्या मुलाला 'शिकस्त'चा मूळ अर्थ पुण्यातल्या मुलाआधी कळतो. 'गनीम', 'मुलूख', 'मसलत', 'कुमक' हे शब्द त्याला शब्दकोशात शोधावे लागत नाहीत. महाराष्ट्राबाहेर राहून आपण काय गमावले याची यादी आपण नेहमी करतो. हे एक हाती राहिलेले आहे, त्याचीही नोंद असावी.

तोच धागा थोडा पुढे नेतो. १६७७ च्या सुरुवातीला शिवाजी महाराज या शहरात, तेव्हाच्या भागानगरात, आले आणि अबुल हसन तानाशहाला भेटले. या भेटीची वाट ज्यांनी मोकळी केली त्यांत रघुनाथ नारायण हणमंते होते. पुढे ज्या 'राज्यव्यवहारकोशा'शी त्यांचे नाव जोडले गेले, त्यात दरबारातल्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. पेशव्याचा मुख्यप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सरनोबताचा सेनापती हा बदल राज्याभिषेकापासूनचा. म्हणून अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, नेताजी पालकर सरनोबतच होते आणि कादंबरीत त्यांना कुणी 'सेनापती' म्हटले की पंधरा वर्षांची गफलत होते. पण खरी गंमत वेगळीच आहे. फारसी शब्द वेचून काढण्याचे काम ज्यांच्या नावावर आहे, तेच हणमंते गोवळकोंड्याच्या दरबारात बोलणी करू शकत होते. फारसीवाचून ती झाली नसती. आजच्या लेखकाला ही दोन चित्रे एका माणसात बसवता येत नाहीत. तो त्यांना एकतर कट्टर भाषाभिमानी करतो, नाही तर समन्वयवादी.

आणि मुसलमान पात्रांच्या भाषेचे काय करतो? अफजलखान, तानाशहा, आदिलशाही सरदार हे सगळे त्याच्या पुस्तकात एकच उर्दू बोलतात, आणि तीही लखनवी, मुंबईच्या चित्रपटांतून शिकलेली. अफजलखान वाईचा सुभेदार होता. आदिलशाहीचे महसुली कागद मराठीत लिहिले जात. त्या दरबारातली बोलचालीची भाषा दखनी. तुमच्या-माझ्या शेजारच्या घरात आजही 'नक्को' म्हणतात आणि प्रत्येक गोष्टीवर 'इच'चा ठसा मारतात. तो 'नको' आणि तो 'च' मराठीतून गेलेला आहे, हे भाषेचे अभ्यासक सांगतात. प्रतापगडाखाली समोरासमोर आलेल्या त्या दोन माणसांना एकमेकांचे बोलणे कळायला दुभाष्या लागला नसावा. लखनवी उर्दू घालून लेखकाने शत्रूला परका केला, परदेशातून आलेला केला. खरी लढाई त्याहून अवघड होती, कारण ती एकाच मुलखात वाढलेल्या, एकमेकांच्या रीतिभाती जाणणाऱ्या माणसांत होती. एका बोलीच्या चुकीने केवढा इतिहास हलतो, हे हैदराबादच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. उलट दिशेने हीच चूक करणारेही आहेत. ते महाराजांच्या तोंडी 'सर्वधर्मसमभाव' घालतात आणि काम संपले असे समजतात. तो शब्दही आपल्या काळाचा आहे.

आता मनाकडे वळतो. थेऊर येथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव पेशवे गेले आणि रमाबाई सती गेल्या. 'स्वामी' वाचून या प्रसंगी डोळे पुसणाऱ्या दोन पिढ्या या सभागृहात बसल्या असतील. आजच्या लेखकाला तो प्रसंग तसा लिहिता येणार नाही, आणि लिहूही नये. सतीचे गोडवे गाण्याचा काळ गेला तो बरेच झाले. पण मग तो काय करतो? रमाबाईंच्या तोंडी एक निषेधाचे भाषण घालतो, किंवा त्यांना कुणी बळाने चितेकडे ओढत नेते. वाचकाचे समाधान होते, त्याचे मत त्याला परत मिळते. रमाबाईंना मात्र काही मिळत नाही.

त्यांच्यापुढे काय होते ते पाहा. मूलबाळ नाही. पती क्षयाने महिनोन्महिने झिजतो आहे, आणि त्याच्यामागे घरात काय उसळणार हे सगळ्यांना दिसते आहे. वर्षाच्या आत शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. विधवेचे आयुष्य कसे असते हे पाहायला लांब जायला नको होते. पानिपतानंतर वैधव्य आलेल्या सासूबाई, गोपिकाबाई, नाशिकजवळ गंगापूरला वेगळ्या राहत होत्या. श्रद्धा होती, प्रेम होते, भीतीही असेल. यातले काय किती, हे ठरवणे म्हणजे कादंबरी लिहिणे. आपल्या पोटात गोळा येतो तो त्या बाई आपल्यासारख्या बोलतात म्हणून येत नाही. ज्या जगात असा निर्णय शहाणपणाचा वाटू शकत होता, त्या जगात लेखकाने आपल्याला क्षणभर उभे केले म्हणून येतो. त्या प्रथेचा याहून कठोर निषेध मला सुचत नाही.

'मग त्या काळात कुणाला वेगळे वाटतच नव्हते का?' असा प्रश्न पालक विचारतील, आणि विचारावा. वाटत होते. १६६४ साली शहाजीराजे कर्नाटकात वारले, तेव्हा जिजाबाई सती निघाल्या आणि शिवाजीराजांनी त्यांना थांबवले. बखरीत याचे वर्णन आहे. राजांनी शास्त्रार्थ केला नाही, स्त्रीजातीच्या हक्कांविषयीही ते बोलले नाहीत. माझा पुरुषार्थ पाहायला मागे कुणी राहणार नाही, असे म्हणून मुलाने आईला गळ घातली. एका चालीरीतीवर त्या काळाच्या आतूनच मात झाली, मुलाच्या हट्टाने.

याहून बोलके उदाहरण संत बहिणाबाईंचे. शिवाजी महाराजांच्या समकालीन, १६२८ ते १७०० हा त्यांचा काळ. त्यांचे देवगाव आणि शिऊर पुढे निजामाच्या मुलखात मोडत होते, म्हणजे आपल्यातल्या कित्येकांच्या आजोळच्या वाटेवरचीच गावे. तिसऱ्या वर्षी लग्न, नवरा तिशीचा बिजवर. तो ब्राह्मण, वेदपाठी. आणि बायकोला ध्यास लागला कुणबी तुकोबांचा. त्याने मारहाण केली, बांधून घातले. हे सारे बाईंनी स्वतः आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. आणि तरी त्यांनी घर सोडले नाही, पतीला देव मानण्याचे सोडले नाही, तुकोबांनाही सोडले नाही. ब्राह्मण म्हणावे कुणाला, हा प्रश्न विचारणारी 'वज्रसूची' त्यांनी मराठी अभंगांत आणली. त्यांना आज कुणी 'बंडखोर' म्हणतात, कुणी 'पतिव्रता'. दोन्ही पदव्या त्यांना अपुऱ्या पडतात. बहिणाबाईंच्या हाती आपले शब्द नव्हते. स्त्रीजन्म, पूर्वकर्म, गुरुकृपा, देह या त्यांच्या काळच्या शब्दांनीच त्यांना स्वतःसाठी जागा करून घ्यावी लागली. ती जागा किती अरुंद होती हे दिसले, तरच त्यांची हिंमत दिसते. आपले तयार शब्द त्यांच्या हाती दिले, की सगळे सोपे होऊन जाते.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण द्यायला हवे, नाही तर माझे बोलणे एकांगी होईल. वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' १९६२ साली रंगभूमीवर आले. शिवाजी आणि संभाजी यांचे नाते त्यांनी जवळजवळ आजच्या घरातल्या बाप-लेकासारखे रंगवले. भाषा आजची, मनाचे पदर आजचे. तरी ते नाटक मला लटके वाटत नाही. बापलेकांमधला ताण त्या घरात खराच होता. तरुण संभाजीराजे एकदा मोगलांना जाऊन मिळाले होते. कानेटकरांनी आधुनिक दिवा नेला तो असलेल्या खोलीत नेला, नसलेली खोली बांधली नाही. त्यामुळे आधुनिक मन इतिहासात नेऊच नये, असा माझा नियम नाही. ते न्यावे, पण तिथे आधी राहणाऱ्यांना बोलू द्यावे.

काही पालकांना वाटते, आणि त्यांची काळजी मला समजते, की मुलांपुढे जुन्या काळाची जातपात, सती, बालविवाह तसेच्या तसे ठेवले तर मुले ते योग्य समजतील. आदर्श पूर्वजांनी आदर्शच बोलावे. माझा अनुभव असा, की मुले इतकी भाबडी नसतात. उलट, आजोबांचे आजोबा तंतोतंत आपल्या वर्गशिक्षकांसारखे बोलतात असे दिसले, की त्यांना पुस्तकाचा संशय येतो, आणि तो संशय मग खऱ्या गोष्टींवरही बसतो. महाराष्ट्राबाहेरच्या मुलाला तर हे पुस्तक हाच पुरावा. ते खोटे निघाले तर पडताळून पाहायला त्याच्याजवळ दुसरे काही नसते.

म्हणून शाळेला एक छोटी विनंती करतो. हीरक महोत्सवाच्या निधीतून वाचनालयासाठी पुस्तके यायची आहेत, असे ऐकतो. कादंबऱ्यांच्या त्याच कपाटात, त्याच खणात, सभासदाची बखर ठेवावी. ती महाराष्ट्रात लिहिली गेली नाही; सतराव्या शतकाच्या अखेरीस दूर दक्षिणेत, तमिळ मुलखातल्या जिंजीला, राजाराम महाराजांसाठी लिहिली गेली. तिच्याजवळ शिवाजी महाराजांच्या निवडक पत्रांचे एखादे पुस्तक आणि बहिणाबाईंची गाथा ठेवावी. नववीच्या वर्गाने वर्षातून एकदा कादंबरीतले एक पान आणि हलवर्णचे पत्र शेजारी शेजारी वाचावे. परीक्षेत विचारू नये. अडलेला शब्द घरी जाऊन आजीला विचारावा, आणि आजीलाही आला नाही तर शेजारच्या उर्दू बोलणाऱ्या काकांना विचारावा. बहुतेक वेळा त्यांना येईल.